प्राण्यांचे वर्तन उपजत असते की शिकलेले?

आपण विचारले आहे की प्राण्यांचे वर्तन उपजत असते की शिकलेले, आणि या विषयाचा अभ्यास कोणत्या संकल्पनांपासून सुरू करावा. माझे स्पष्ट मत असे, की सुरुवात या विभागणीपासून करूच नये. प्राणिवर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्जन यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या चार प्रश्नांपासून करावी. वर्तन या क्षणी कशामुळे घडते, त्या प्राण्याच्या आयुष्यात ते कसे आकाराला आले, जगण्यासाठी व प्रजननासाठी त्याचा उपयोग काय, आणि पूर्वजांपासून ते कसे उत्क्रांत झाले, हे ते प्रश्न होत.

कोल्हापुरात उदाहरणासाठी लांब जावे लागत नाही. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढतात, तेथे म्हैस पान्हा कशी सोडते ते नीट पाहावे. रेडकू कासेला ढुशी देते किंवा गवळी सड चोळतो, तेव्हा तो संदेश मज्जातंतूंवाटे मेंदूकडे जातो, मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात उतरते आणि कासेतील दुधाच्या सूक्ष्म पिशव्यांभोवतीच्या पेशी आकुंचन पावून दूध खाली ढकलतात. ही प्रतिक्रिया उपजत आहे. मात्र तीच म्हैस आंबोणाच्या वासाने, चरवीच्या आवाजाने किंवा ओळखीच्या हाकेनेही पान्हावू लागते, आणि ते मात्र रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांनी कुत्र्यांवर अभ्यासलेले अभिसंधान, म्हणजे एका गोष्टीची दुसरीशी सांगड घालून शिकणे, आहे. धार काढायला परका माणूस बसला, की ती दूध चोरते. रस्त्यावरच्या हॉर्नकडे मात्र ती ढुंकूनही पाहत नाही, कारण निरुपद्रवी उद्दीपन वारंवार आले की प्रतिसाद मावळतो. शिकण्याचा हा सर्वांत साधा प्रकार होय. उपयोग उघड आहे: म्हशीचे बहुतेक दूध त्या सूक्ष्म पिशव्यांतच असते, त्यामुळे पान्ह्यावाचून रेडकाचे पोट भरणार नाही. उत्क्रांतीविषयी एवढेच सांगतो, की ऑक्सिटोसिनच्या कुळातील संप्रेरक माशांतही आढळते, म्हणजे ते दुधापेक्षा कितीतरी जुने आहे.

ठरीव साच्याचे वर्तन समजून घ्यायचे असेल, तर कॉनराड लोरेन्झ आणि टिनबर्जन यांनी अभ्यासलेली करडी हंसी पाहावी. घरट्याबाहेर गेलेले अंडे ती चोचीने आत लोटू लागते आणि मध्येच ते काढून घेतले, तरी मान छातीकडे ओढण्याची क्रिया पूर्ण करते. याच हंसीची पिल्ले जन्मानंतर लवकरच दिसलेल्या हलत्या वस्तूमागे चालू लागतात, मग तो माणूस का असेना. मागे जाण्याची ओढ उपजत, पण कोणाच्या मागे जायचे ते शिकलेले! (लोरेन्झ आणि टिनबर्जन यांना कार्ल फॉन फ्रिश यांच्यासह १९७३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.)

प्रत्यक्ष निरीक्षण करताना ‘म्हैस रुसली’ असे लिहू नये. तिने पाय झाडला, शेपटी हलवली, धार थांबली, असे क्रमाने व वेळेसह लिहावे. नंतर आपले प्रत्येक स्पष्टीकरण चारपैकी कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे ते शेजारी नोंदवावे, कारण ‘ऑक्सिटोसिनमुळे’ आणि ‘रेडकू जगावे म्हणून’ ही दोन्ही उत्तरे एकाच वेळी बरोबर असतात आणि एकमेकांना खोडत नाहीत.