विश्वास कमी पडलेला नाही, ताई

ताई, 'माझा विश्वास कमी पडला का' असं तुम्ही शेवटच्या ओळीत विचारलंत, त्याचं उत्तर आधी देते, बाकीचं मग. तुमचा विश्वास कमी पडलेला नाही.

यजमानांचं तारवावरचं, म्हणजे जहाजावरचं, काम सुटून वर्ष होत आलं, सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, घराचे हप्ते थकलेत, आणि हल्ली प्रार्थनेला बसलं की शब्दच फुटत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. त्यात प्रार्थनेच्या गटातल्या एका बाईंनी सांगितलं, आशा सुटली म्हणजे विश्वासच नव्हता. त्यांच्या मनात वाईट नसेल. पण शास्त्रात असं कुठेही नाही, आणि अडचणीत असलेल्या माणसाच्या डोक्यावर हे ओझं ठेवणं मला बिलकूल मान्य नाही.

बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय काढून पाहा. प्रेषित पौलाने तिथे क्रमच लावून दिलाय. संकटातून धीर येतो, धीरातून माणसाचं शील घडतं आणि शीलातून आशा. म्हणजे आशा सगळ्यात शेवटी येते. आपण मात्र उलट धरून बसतो, की आधी मनात आशा हवी, तरच संकट झेपेल. मग ती सापडली नाही की आपण देवाचे गुन्हेगार झाल्यासारखं वाटायला लागतं. तुम्ही आज त्या क्रमाच्या पहिल्या-दुसऱ्या पायरीवर आहात. तिथे आशा जाणवत नाही म्हणून कुणी तुम्हाला नापास करू शकत नाही. आज तुमच्याकडून अपेक्षा असलीच तर टिकून राहण्याची आहे, आणि ते तर तुम्ही करताच आहात. सासूबाईंची कूस बदलताय, मुलाचा डबा करताय, रात्री बसून इथे प्रश्न लिहिताय.

आता शब्द न फुटण्याबद्दल. त्याच पत्राच्या आठव्या अध्यायात पौल म्हणतो, काय मागावं हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः आपल्यासाठी मध्यस्थी करतो, शब्दांत न सांगता येणाऱ्या कण्हण्याने. म्हणजे उसासा हीसुद्धा प्रार्थनाच. तुम्ही नुसत्या गप्प बसून राहिलात तरी ती बैठक वाया जात नाही.

आणि शब्द हवेच असतील तर स्तोत्रसंहितेतून उसने घ्या. फक्त तेविसावं स्तोत्र नको. ते सुंदर आहेच, पण काही दिवस असे असतात की हिरव्या कुरणांबद्दल वाचवत नाही. तेरावं काढा. त्यात पहिल्या दोन ओव्यांत दावीद देवाला चार वेळा विचारतो, किती काळ? अठ्ठ्याऐंशीवं काढा. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटाकडे वळतात, स्तुतीवर येतात. हे वळत नाही. अंधारातच संपतं. तरी ज्यांनी पवित्र शास्त्र गोळा केलं त्यांनी ते गाळलं नाही, आणि त्याची सुरुवात होते ती तारण करणाऱ्या देवाला हाक मारूनच. इतक्या वर्षांत मला उमगलेलं सगळ्यात मोठं काही असेल तर ते हेच. देवाबद्दल तक्रार आहे ना, मग ती देवाकडेच न्या. जो देवाशी भांडतो त्याने देवाला सोडलेलं नसतं. वधस्तंभावर प्रभूच्या ओठी बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आली, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. त्या ओळीला अविश्वास म्हणायची कुणाची छाती आहे?

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. आमचं घर मूळचं नगर जिल्ह्यातलं, सासरे बंदरावरच्या नोकरीसाठी गोव्यात वास्कोला आले आणि आम्ही इथलेच झालो. माझ्या यजमानांना कर्करोग झाला तेव्हा आमच्या मंडळीने, म्हणजे चर्चच्या लोकांनी, उपास केले, साखळी प्रार्थना केली. ते बरे झाले नाहीत. बांबोळीच्या हॉस्पिटलात, वॉर्डात रात्री त्यांना झोप नसायची. तेव्हा ते म्हणायचे, वाच. मी तेरावं स्तोत्र वाचायची. 'किती काळ' आलं की ते माझ्याबरोबर मोठ्याने म्हणायचे, पुढच्या ओळी माझ्यावर सोडायचे. बाजूच्या खाटेवर पेडण्याचे एक काका होते, हिंदू, गळ्यात तुळशीची माळ. तिसऱ्या की चौथ्या रात्री तेही आमच्याबरोबर 'किती काळ' म्हणायला लागले. यजमान गेले त्यानंतर पुष्कळ दिवस मला चर्चमध्ये गाणं म्हणता येईना. मी उभी राहायची, शेजारची माणसं गायची. माझ्या वाटणीचं ती गात होती, असं मी आज ठामपणे म्हणते.

म्हणून ताई, एकट्याने आशा धरायचा हट्ट सोडा. आपण प्रभूची प्रार्थना शिकलो ती 'आमच्या' पित्याची, आणि भाकर मागतो तीही 'आमची'. एखाद्या दिवशी तुमच्याच्याने विश्वास ठेवणं होत नसेल तर तुमच्या वतीने दुसऱ्या कुणाला ठेवू द्या. त्यासाठी मात्र सांगावं लागतं. आपल्या लोकांत, त्यातून तारवट्यांच्या, म्हणजे जहाजावर काम करणाऱ्यांच्या, घरात, पैशाची ओढाताण बोलून दाखवणं फार जड जातं. सगळ्यांना वाटतं, इतकी वर्षं डॉलर आले, यांना काय कमी? तरी एका माणसाला तरी सगळं सांगा. चर्चच्या पाळकांना सांगा, नाहीतर ज्या बाईच्या तोंडून गोष्ट बाहेर जात नाही अशा एकीला. आमच्या इमारतीतली कॅथलिक शेजारीण आमच्या वाईट दिवसांत रोज अकराच्या सुमारास स्टीलच्या डब्यात उकड्या तांदळाची पेज आणि वर छोट्या वाटीत सुंगटांची किसमूर, म्हणजे सुक्या कोलंबीची कोशिंबीर, घेऊन यायची. कधी एक वचन ऐकवलं नाही तिने. संदेष्टा एलिया रानात झुडपाखाली पडून मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. ऊठ, खा, म्हणाला. तो खाऊन पुन्हा झोपला, तर परत उठवून खायला घातलं. पहिल्या राजे पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय. तुमच्या दाराशी असं कुणी डबा घेऊन आलं तर संकोचाने परत पाठवू नका, एवढं माझं ऐका.

तुम्ही विचारलंत, इतकं सोसूनही खचले नाहीत असे कुणी खरंच होते का. होते, आणि एक तर आपल्या अगदी जवळचे. बाणावलीत 1651 साली जन्मलेले कॅथलिक पाद्री जोझे वाझ, ज्यांचं गाव सांकवाळ. आमच्या मंडळीत संतांना नवस बोलत नाहीत, पण त्यांच्या आयुष्याबद्दल मला मनापासून आदर आहे. 1687 मध्ये ते मजुराच्या वेषात श्रीलंकेत उतरले, कारण किनाऱ्यावर डचांचं राज्य होतं आणि कॅथलिक पाद्रींना तिथे बंदी होती. पोचले ते आजारी होऊनच. पुढे कँडीत त्यांना पोर्तुगिजांचा हेर समजून कैदेत टाकलं. सुरुवातीची नऊएक वर्षं त्यांच्या जोडीला दुसरा पाद्री नव्हता. आणि 1697 मध्ये कँडीत देवीच्या रोगाची साथ आली, लोक आपल्याच घरच्या रोग्यांना टाकून पळाले, तेव्हा हा माणूस रोग्यांची शुश्रूषा करत आणि मेलेल्यांना मूठमाती देत तिथेच राहिला. 1711 मध्ये कँडीतच वारले, गोव्याला परत आले नाहीत. पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये त्यांना संत घोषित केलं. ते मनाने कायम उत्साही असतील असं मला वाटत नाही. पुढ्यात आलेल्या रोग्याला पाणी पाजायचं, मग पुढच्याकडे जायचं, अशी ती आशा होती. ती हातात होती.

पंडिता रमाबाईंचंही तसंच. दुष्काळात आई-वडील गेले, मग भाऊ, लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवरा. अशा बाईने पुढे दुष्काळातल्या मुलींना आणून केडगावला मुक्ती सदनात ठेवलं. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, त्यानंतरही मराठी बायबलचं काम त्यांनी हातावेगळं केलं आणि 1922 मध्ये डोळे मिटले. त्यांना कुणी विचारलं असतं की आशा वाटते का, तर काय उत्तर आलं असतं कुणास ठाऊक. काम तर थांबलं नाही.

इब्री लोकांस पत्रात आशेला जिवाचा नांगर म्हटलंय. तुमचे यजमान हे माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. नांगर टाकला म्हणून लाटा थांबत नाहीत, जहाज डोलतं, डेकवर उभ्या माणसाला मळमळतंही. नांगर दिसतही नाही, तो खाली चिखलात रुतलेला असतो. त्यांना विचारा हे कधीतरी जेवताना. काम गेलेल्या पुरुषाला घरात कुणी त्याच्या कामाबद्दल काही विचारलं तर बरं वाटतं, आणि ते दोघांसाठी गरजेचं आहे.

काही गोष्टी स्पष्ट लिहिते, कारण इथे वाचणारे आणखीही असतील. 'विश्वासाने पेरा, शंभरपट मिळेल' असं सांगून अडचणीतल्या माणसाकडून दान मागणाऱ्या सभांपासून लांब राहा. कर्ज काढून देवाला देऊ नका, त्याने तसं मागितलेलं नाही. प्रार्थनेवर विसंबून सासूबाईंची औषधं बंद करा असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं, म्हणजे आरोग्य विम्याचं, कार्ड काढलं नसेल तर यजमानांना या आठवड्यात त्या कामाला लावा. बँकेत हप्ता चुकायची वाट न बघता स्वतः जाऊन मॅनेजरला भेटा, मुदत वाढवून मागा. आणि झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल तर बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत जाऊन डॉक्टरांना भेटा, किंवा 14416 या टेली मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या, क्रमांकावर बोला. तिथे जाणं म्हणजे प्रभूवर अविश्वास नव्हे. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता.

राहिला मुलाचा प्रश्न. दहा वर्षांचा आहे आणि 'देव आपलं ऐकत का नाही' असं विचारतो, त्याला काय सांगू, असं तुम्ही म्हणता. त्याला घाईने उत्तर देऊ नका. 'ऐकतो रे, सगळं चांगलं होईल' हे तर नकोच, कारण पप्पांना पुढच्या महिन्यात काम मिळालं नाही तर तो तुम्हाला आणि देवाला दोघांनाही खोटं ठरवेल. खरं सांगा, मलाही कळत नाही, मीही त्याला हेच विचारते. रात्री दोघं मिळून बसा आणि त्याला त्याच्या शब्दांत देवाला विचारू द्या, रागाने विचारलं तरी अडवू नका. पाच मिनिटं पुरेत. कंटाळला तर उठू द्या. आणि सासूबाईंच्या खाटेजवळच बसा, त्यांना बोलता येत नसलं तरी ऐकू येतं असं तुम्हीच लिहिलंय.

दोन-तीन आठवड्यांनी काय झालं ते इथे कळवा. यजमानांच्या कामाचं काही कुणाला माहीत असेल तर तेही इथेच लिहा मंडळी, विशेषतः वास्को-मुरगावकडचे.