स्पॅनिश मायनर घ्यायचं का? घे, पण मराठीतून शिक

वरुडकडच्या ताईनं विचारलंय की बीकॉमला मायनर (मुख्य विषयासोबतचा दुय्यम विषय) म्हणून स्पॅनिश मिळतंय पण इंग्रजी कच्चं आहे, तर घेऊ का सोडून देऊ. ताई, घे. इंग्रजी कच्चं म्हणून तर मुळीच सोडू नको.

मी वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यातून एसटीनं अपडाऊन करून हेच मायनर केलंय. पहिलं अख्खं सेमिस्टर मी प्रत्येक वाक्य आधी इंग्रजीत नेऊन मग स्पॅनिशमध्ये आणायचो अन् 'मे गुस्ता' म्हणजे 'मला आवडतं' काही केल्या डोक्यात बसेना. मग एका रात्री थ्री फेज लाईन बारा वाजता आली, मोटर सुरू केली अन् संत्र्याच्या बागेत धुऱ्यावर वही घेऊन बसलो, तेव्हा दिसलं की अरे हे तर आपलंच आहे! मला संत्रं आवडतं, मे गुस्ता ला नारांखा. मला संत्री आवडतात, मे गुस्तान लास नारांखास. क्रियापद माणसावर नाही, संत्र्यावर चालतं, दोन्हीकडं. अन् नारांखा हा शब्दसुद्धा आपल्या नारिंगीच्याच कुळातला, संस्कृत नारंग फारसी-अरबीतून फिरत तिकडं गेला.

असं बरंच सापडतं. तू ला तिकडंही तूच म्हणतात, अन् मोठ्यांना उस्तेद. त-द आपल्यासारखेच दातावर जीभ लावून, इंग्रजीचे ट-ड नाहीत. 'आब्लो' म्हटलं की मी बोलतो, 'मी' वेगळं म्हणायची गरज नाही. लिंगाला घाबरायचं काहून, आपण तीन सांभाळतो, तिथं दोनच आहेत, फक्त शब्द लिंगासकट पाठ कर, कारण 'ला मानो' म्हणजे हात हा शेवटी ओ असूनही स्त्रीलिंगी आहे. पुढं सबजंक्टिव्ह (इच्छा, शंका सांगणारं क्रियापदाचं रूप) आला की सगळे रडतात, तेव्हा 'तू यावंस असं मला वाटतं' मधलं 'यावंस' आठव, बरंचसं तिथंच सुटतं.

जिथं मराठी कामी येत नाही ते म्हणजे सेर अन् एस्तार, 'असणे'साठीची दोन वेगळी क्रियापदं. मी शेतकरी आहे, मी शेतात आहे, आपल्याला दोन्ही 'आहे', तिथं पहिल्याला 'सोय' अन् दुसऱ्याला 'एस्तोय'. हे रोज दहा वाक्यं लिहूनच येतं.

नोकरीचं म्हणशील तर नुसत्या मायनरवर विसंबू नको. भाषेच्या पायऱ्या ए१ ते सी२ अशा सहा असतात, माझी तयारी मायनर संपता संपता दुसऱ्या, ए२ पर्यंतच झाली होती. इन्स्तितुतो सेर्वान्तेस या स्पेनच्या सरकारी भाषासंस्थेची डेले ही स्पॅनिशची परीक्षा वेगळी द्यावी लागते, तिचं सर्टिफिकेट कायमचं असतं, सिएले या दुसऱ्या स्पॅनिश परीक्षेचं ५ वर्षंच चालतं. कामासाठी बी२ डोळ्यासमोर ठेव.

अन् फॉर्म भरायच्या आधी सिनियरला एक नक्की विचार, शिकवायला माणूस वर्षभर टिकतो का. आमचे सर दुसऱ्या सेमिस्टरला मध्येच सोडून गेले अन् दोन महिने तास रिकामा गेला.