हसून बोलणारा माणूस आतून खचलाय, हे चेहऱ्यावरून ओळखता येतं का?

तुम्ही लिहिलंय की मोठे भाऊ चारचौघांत हसतात, पण घरच्यांना काळजी वाटते. माझं यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात सलून आहे, रोज माणसांच्या चेहऱ्यावर हात असतो. माझं उत्तर: ओळखता येतं, पण अर्धंच.

खुर्चीत बसल्याबरोबर गिऱ्हाईक आरशात बघून चेहरा सावरतं. तो चेहरा धरू नका. फेस लावला, मान मागे टेकली, डोळे मिटले की सावरणं सुटतं. "मस्त हाय ना भाऊ, पऱ्हाटी जोरात हाय" म्हणणाऱ्या कास्तकाराचा गाल ताणायला जावं, तर आत दात आवळलेले असतात, कानाखाली जबडा दगडासारखा लागतो. भुवयांची आतली टोकं वर चढलेली असतात. या खुणेवर माझा जास्त भरवसा आहे, कारण मुद्दाम तसं करणं बहुतेकांना जमत नाही. डार्विनने १८७२ च्या पुस्तकात भुवया अशा चढवणाऱ्या स्नायूंना दुःखाचे स्नायूच म्हटलंय.

हसण्याचं तसं नाही. दुशेन या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्ये लिहिलं की ओठ आपल्या हुकमात असतात, पण डोळ्यांभोवतीचा स्नायू खऱ्या आनंदानेच आकसतो. पुढे दिसून आलं की बऱ्याच जणांना डोळ्यांनीही खोटं हसता येतं. मेंदूतून चेहऱ्याकडे हुकूम दोन वाटांनी येतो, ठरवून हसण्याची एक आणि आपसूक हसण्याची दुसरी. म्हणून लकवा मारलेल्या काहींना "दात दाखवा" म्हटलं की तोंड वाकडं होतं, पण नातू समोर आला की तेच तोंड सरळ हसतं.

अर्धंच का म्हणतो? रात्रीच्या लाइनीवर, म्हणजे रात्री येणाऱ्या विजेवर, शेताला ओलित करून आलेल्या माणसाचा चेहरा आणि सावकाराने तगादा लावलेल्याचा चेहरा सकाळी सारखाच दिसतो. दाढ दुखत असली तरी जबडा आवळतो. काहीतरी आहे एवढं चेहरा सांगतो, काय आहे ते विचारावंच लागतं.

भावाला घरात सगळ्यांसमोर "तोंड असं काऊन केलं" म्हणू नका, तो पुन्हा हसून दाखवेल. शेताच्या धुऱ्यावर शेजारी बसा, नजरेला नजर नको. कर्जाचं, कापसाच्या चुकाऱ्याचं नाव घेऊन विचारा आणि मग गप्प राहा. जीव नकोसा वाटतो का, हेही स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध घरातून हलवा आणि सरकारी दवाखान्यात घेऊन जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रीबेरात्रीही लागतो, मराठीत बोलतात. भावाआधी तुम्ही स्वतः लावून बोललात तरी चालतं.