आकडे एक सांगतात, बायका दुसरंच

मिक्स्ड मेथड्स, म्हणजे आकड्यांचं सर्वेक्षण आणि मुलाखती दोन्ही एकत्र, वापरून पीएच.डी. करणारे विद्यार्थी माझ्याकडे बहुतेकदा एकच घोर घेऊन येतात: सर्वेक्षण एक सांगतंय आणि मुलाखती दुसरंच, मग खोटं कशाला मानायचं?

मराठवाड्यातल्या एका तालुक्यात गरोदरपणातल्या लोहाच्या गोळ्यांवर काम करणारी एक जण तर रडवेली झाली होती. चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा १८० दिवस या गोळ्या घ्यायच्या असतात. बाळंत झालेल्या बहुतेकींनी प्रश्नावलीत ‘नियमित खाल्ल्या’ सांगितलं होतं. मुलाखतीत त्यांतल्याच काही जणी म्हणाल्या, शेवटी शेवटी गोळ्याच नव्हत्या.

“सर, मुलाखती परिशिष्टात टाकू का?”

“आधी एक मोठा कागद घे.”

त्यावर तीन रकाने आखायला लावले. पहिल्यात बाईचा क्रमांक आणि प्रश्नावलीतलं उत्तर, दुसऱ्यात तिचं बोलणं तिच्याच शब्दांत, तिसरा कोरा. दोन्ही शेजारी ठेवून जे दिसेल ते तिसऱ्यात लिहायचं.

पुढच्या भेटीत मी एवढंच विचारलं, “ज्यांचं जुळत नाही, त्या कोण आहेत?”

तिनं वय पाहिलं, शिक्षण पाहिलं, मुलं किती ते पाहिलं आणि थांबली. “सर, या जवळजवळ सगळ्या पहिलटकरणी आहेत.”

“मग सातव्यानंतर त्या कुठे असतात?”

“माहेरी!”

नाव सासरच्या आशाताईंच्या वहीत, गोळ्याही तिकडूनच मिळायच्या. प्रश्नावलीत महिना विचारलाच नव्हता, त्यामुळे बायकांनी सासरच्या महिन्यांचं खरं उत्तर दिलं होतं. एकीही खोटं बोलली नव्हती.

माझ्या कामातला मला सगळ्यात प्रिय क्षण हाच. मी मुळात व्यवहारवादी; पद्धतीपेक्षा प्रश्न मोठा मानतो. ग्रीन, काराचेली आणि ग्रॅहम या संशोधकांनी १९८९ मध्ये पद्धती एकत्र आणण्याचे पाच हेतू मांडले. त्यांतला एक विसंगती मुद्दाम धुंडाळण्याचा आहे, आणि नेमका तोच आपल्याकडे विसरला जातो. गाईडही म्हणतात, एक बाजू काढून टाक.

तसं करू नका. प्रश्नावली आणि मुलाखतीला एकच क्रमांक द्या आणि तो जोडायची परवानगी सुरुवातीलाच घ्या. नंतर हे जमत नाही. आकड्यांचं एक प्रकरण, मुलाखतींचं दुसरं आणि शेवटी दोन पानं ‘एकत्रित चर्चा’, याला मी मिक्स्ड मेथड्स म्हणत नाही. मुलाखतीत सुचलेलं घेऊन आकड्यांकडे परत जा.

तीही गेली. पहिलटकरणी आणि बाकीच्या वेगळ्या काढून तिनं तक्ते नव्यानं केले आणि त्याच बायकांना महिनावार विचारायला पुन्हा तालुक्याला निघाली. या वेळी यादीत माहेरची गावंही होती.