समुद्राचं पाणी शिरलं की बोगद्यातली बेंटोनाइट स्लरी का बिघडते?

बेंटोनाइट ही फुगणारी माती. तिचं पाण्यातलं मिश्रण म्हणजे स्लरी, बोगदा खोदताना समोरची माती दाबून धरते. सोडियम बेंटोनाइटचे कण गोड्या पाण्यात फुगतात, एकमेकांना दूर ढकलतात. स्लरी त्यावरच तग धरते. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार. त्यांनी, विशेषतः कॅल्शियम-मॅग्नेशियमने, हे ढकलणं मोडतं आणि कण गुठळ्या धरतात. नमुना बादलीत ठेवून बघा, वर निवळ पाणी सुटतं. खोदाईच्या तोंडावर पातळ, घट्ट साय धरायच्या ऐवजी जाड, पाझरणारा थर बसतो. मग दाब टिकत नाही, स्लरी वाळूत मुरते, माती ढासळू शकते.

एकट्या मार्श फनेलवर (ठरावीक स्लरी नरसाळ्यातून वाहायला किती सेकंद लागतात, त्यावरून दाटपणा मोजणारी चाचणी) विसंबू नका. गुठळ्यांमुळे सुरुवातीला सेकंद उलट वाढतात आणि स्लरी झकास वाटते! गाळण चाचणी (७ बार दाबाखाली ३० मिनिटांत स्लरीतून किती पाणी गळतं ते) खरं सांगते.

बेंटोनाइट गोड्या पाण्यातच भिजवा: घनमीटरला ४०-६० किलो, शक्यतो २४ तास. कोरडी पावडर थेट खाऱ्या पाण्यात टाकली तर ती नीट फुगतच नाही. जोडीला पीएसी पॉलिमर (पाणी गळणं कमी करणारा, सेल्युलोजपासूनचा) घाला. सोडा ॲश (धुण्याचा सोडा) कॅल्शियम खाली बसवतो, पण मिठापुढे त्याचं काही चालत नाही. गोडं पाणी नसेलच तर खाऱ्या पाण्यातही दाटपणा देणारी ॲटापुल्गाइट माती वापरा. मात्र ती पाणी गळू देते, म्हणून पॉलिमर तिथेही लागतोच.