मुलाच्या काकांना स्किझोफ्रेनिया, जीन टेस्ट करायची का?

ताई, स्थळ पसंत आहे, मुलगा 32 चा, सातपूरला नोकरीला, आणि त्याच्या सख्ख्या काकांना स्किझोफ्रेनिया आहे म्हणून तुमचे बाबा म्हणतायत आधी जीन टेस्ट करून आणा. मी पंचवटीतला, माझा दादा 19 वर्षं याच आजाराच्या गोळ्या घेतोय, त्यामुळे हे आकडे मी माझ्या लग्नाच्या वेळी बसून काढलेले.

साधारण शंभरात एकाला हा आजार होतो. सख्खा भाऊ-बहीण आजारी असेल तर नऊ-दहा टक्के, म्हणजे माझी केस. काका-मामा असेल तर तीन-चार. त्यात पुरुषांना बहुतेक वेळा विशीच्या आसपासच सुरू होतो, दादाला 21 व्या वर्षी झाला, तुमचा मुलगा त्यातून बराच पुढे आलाय.

आता टेस्ट. आमच्याकडे पण एका लॅबचा माणूस येऊन लाल-हिरवा रिपोर्ट दाखवून गेलेला, मी चहा पाजून पाठवला. स्किझोफ्रेनियाचा असा एकच जीन नसतो हो, 2022 च्या मोठ्या अभ्यासात डीएनएमधल्या 287 जागा सापडल्या आणि एकेकीचा वाटा चिमूटभर, मिसळ तिखट झाली तर कुठल्या मिरचीला धरणार? शिवाय तो डेटा मुख्यतः युरोपियन लोकांचा, या सगळ्या जागांची बेरीज करून जो धोक्याचा स्कोअर काढतात तो आपल्याला नीट बसत पण नाही. आणि जुळे भाऊ, अगदी एकसारखे, जीन्स तेच, तरी एकाला झाला तर दुसऱ्याला होण्याची शक्यता निम्मी किंवा त्याहून कमीच. एक ठळक अपवाद म्हणजे 22 नंबरच्या क्रोमोसोमचा छोटा तुकडा नसणं, त्यात साधारण चारात एकाला असा मानसिक आजार होतो, पण त्यांना बरेचदा लहानपणापासून हृदयाचा नाहीतर टाळूचा त्रास असतो. काकांना तसं काही असेल तर जेनेटिक काउन्सेलरला विचारा, नाहीतर पैसे वाचवा.

त्यापेक्षा मुलाला गांजाचं विचारा, सरळ विचारा, लाजू नका, गांजानं या आजाराचा धोका वाढतो. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांनी तर त्याच्या वाटेलाच जाऊ नये.

त्यांनी काकांचं स्वतःहून सांगितलं हे मला आवडलं, बाकीचे लपवतात. आम्हीच लपवलेलं, माझ्या बहिणीच्या लग्नात दादाला देवळाली कॅम्पला मावशीकडे ठेवला, तो अजून अल्बम बघताना विचारतो मी कुठंय यात. तुम्ही एकदा काकांना भेटून या आणि लग्नात ते कुठे बसणार तेवढं विचारा.