अडीच वर्षांची पत्रं

चि.,
अनेक आशीर्वाद.

यशवंतराव चव्हाणांच्या परराष्ट्र खात्यातल्या कारकिर्दीवर काम करायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. संयुक्त महाराष्ट्र आणि ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री’ एवढं झालं की आपण यशवंतरावांना मिटून ठेवतो. ऑक्टोबर १९७४ ते मार्च १९७७ ही अडीच वर्षं कोणी फारशी उघडतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. १९६२ च्या पराभवानंतर संरक्षण खातं सावरायला जो माणूस दिल्लीला गेला, तोच परराष्ट्रमंत्री असताना १९७६ मध्ये बीजिंगला पुन्हा भारताचा राजदूत गेला! त्याच वर्षी पाकिस्तानशी तुटलेले राजनैतिक संबंधही जुळले.

परदेशातून त्यांनी वेणूताईंना लिहिलेली पत्रं छापलेली आहेत, म्हणजे तू तिथूनच सुरुवात करणार. खुशाल कर. फक्त ती नवऱ्याने बायकोला लिहिलेली आहेत, हे पानोपानी ध्यानात असू दे. वाटाघाटीत काय ठरलं त्यासाठी लोकसभेतली निवेदनं, खात्याचे वार्षिक अहवाल आणि राष्ट्रीय अभिलेखागारातल्या फायली चाळाव्या लागतील. वहीत दोन रकाने पाड, एकात पत्र, दुसऱ्यात त्याच दिवसांचा सरकारी कागद.

तारखांना मात्र जप. एका दुसऱ्या नेत्याच्या पत्रांवर काम करताना मी वरची तारीख हीच भेटीची तारीख धरली होती. पुढे मूळ कागद हातात आला, तर निम्म्यावर शाई बदललेली. पत्र एका गावी सुरू होऊन दोन दिवसांनी दुसऱ्याच गावी संपलं होतं. माझं अख्खं टिपण चुकलं. तेव्हापासून छापील पुस्तकावर भागवायचं नाही, मूळ पत्र बघायला मिळेल का, हे आधी विचारायचं, असं ठरवून टाकलं.

२५ जून १९७५ नंतरची पत्रं सावकाश वाच. देशात आणीबाणी, आणि परराष्ट्रमंत्र्याने जगापुढे देशाची बाजू मांडायची. त्याबद्दल एखाद्या पत्रात अवाक्षर नसलं तर लगेच ‘संमती’ किंवा ‘भीती’ असं लिहून मोकळा होऊ नकोस. मंत्र्याचं पत्र चार हातांतून जातं, आणि लिहिणाऱ्याला ते ठाऊक असतं. तेवढी जागा कोरी सोड, तारीख घाल, पुढे जा.

कराडला वेणूताईंच्या स्मारकात यशवंतरावांचा ग्रंथसंग्रह आहे. तो बघायला दोन दिवस तरी काढ. परराष्ट्र खात्यात असताना हा माणूस काय वाचत होता, याचा काही माग तिथे लागला तर मला आधी कळव.

तुझा,
सर